चला, आखू या दोन दिवसांची सहल!

मुलांनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी एक चर्चा हमखास रंगते. "यंदा कुठं जायचं?" ताई म्हणते गोवा, दादा म्हणतो महाबळेश्वर, आजीला पंढरपूर हवं असतं. मग बाबांच्या रजेचा हिशोब निघतो, आईच्या हातात खर्चाची वही येते आणि शेवटी ठरतं, "पुढच्या वर्षी बघू!" बरोबर ना?

अशा वेळी कुणी म्हणालं, "मग जवळच कुठंतरी जाऊ," तर लगेच उत्तर मिळतं, "जवळ? इथं काय आहे बघायला?"

मी हिंगोली जिल्ह्यात शिकवते. "इथं काय आहे?" हे वाक्य मी वर्गात ऐकते, एसटीत ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते. अकोल्याहून नांदेडला जाणारी माणसं हिंगोलीची पाटी वाचतात, चहा घेतात आणि पुढे निघतात. दुसऱ्यांचं सोडा, इथंच जन्मलेली कितीतरी मुलं आपलाच जिल्हा न बघता मोठी होतात.

म्हणून या वेळी आपण एक गंमत करू. दोन दिवस, एक गाडी आणि हिंगोली जिल्हा. सहलीची आखणी मोठ्यांनी करायची नाही, तुम्ही करायची. मी फक्त रीत सांगते. तुमचा जिल्हा दुसरा असला तर रीत हीच ठेवा आणि गावांची नावं तुमची घाला.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला प्रोव्हान्स नावाचा प्रदेश आहे. तिथं जून-जुलैत लव्हेंडरच्या सुगंधी फुलांनी शेतंच्या शेतं जांभळी होतात. सुट्टीत लोक गाडी काढतात, मोठा महामार्ग मुद्दाम सोडतात आणि लहान रस्त्यांनी या गावातून त्या गावात जातात. कुठं जुनं चर्च बघ, कुठं आठवडी बाजारात फेरी मार, असं चालतं. तीही खेडीच, आणि तीही शेतंच बरं का! पण ती थांबून बघण्यासारखी आहेत, असं लोकांना वाटलं. आपल्याकडे जांभळी शेतं नाहीत, हळदीची आहेत. मग आपण का थांबू नये?

पहिलं काम : नकाशा

मोबाइलवर नकाशा दिसतो, हे मला ठाऊक आहे. पण तो तुम्हाला वाट दाखवतो, मुलूख दाखवत नाही. म्हणून एक मोठा कागद घ्या आणि आपल्या हातानं नकाशा काढा.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात पाच तालुके आहेत : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत. आधी नद्या काढा. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेच्या बाजूला पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू. कयाधू हे नाव कुठं ऐकलंय? बरोबर, भक्त प्रल्हादाच्या आईचं नाव कयाधू! ही नदी सेनगावकडून येते, हिंगोलीजवळून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते.

आता गावं लिहा आणि अंतरं मोजा. छापील नकाशावर रस्ता वाकडातिकडा असतो, तिथं पट्टी चालत नाही. एक दोरा घ्या, रस्त्याच्या वळणावळणानं ठेवा, मग सरळ करून पट्टीवर मोजा आणि नकाशाच्या प्रमाणानं गुणा. भूगोल आणि गणित, दोन्हींचा अभ्यास झाला की नाही?

मी धरलेली अंतरं ही अशी, साधारण हं : हिंगोली ते नर्सी नामदेव १७ किलोमीटर, हिंगोली ते औंढा २५, औंढा ते सिद्धेश्वर धरण १५, औंढा ते वसमत ३०. तुम्ही मोजून बघा, माझ्यापेक्षा नेमकी निघतील.

दुसरं काम : यादी करा आणि खोडा

यादी करणं सोपं असतं, खोडणं अवघड. बघावंसं वाटतं ते सगळं आधी लिहून काढा. नर्सी नामदेव, औंढा नागनाथ, सिद्धेश्वरचं धरण, शिरडशहापूरचं जैन मंदिर, वसमतची हळद, पैनगंगेवरचं इसापूर धरण, हिंगोलीचा दसरा. सेनगाव तालुक्यातलं कडोळीही लिहा. २०१९ साली ज्यांना भारतरत्न मिळालं, त्या नानाजी देशमुखांचा जन्म या गावी झाला.

आता खोडरबर नाही, पेन्सिल घ्या. नियम एकच : दिवसाला दोन मोठे थांबे, बाकीचं जाता जाता. एका दिवसात आठ ठिकाणं बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी फक्त गाडीची काच आठवते!

इसापूर कळमनुरीकडे, म्हणजे आपल्या वाटेच्या उलट दिशेला आहे. खोडा. हिंगोलीचा दसरा फार जुना आणि मोठा, पण तो दसऱ्यालाच. खोडा. कडोळी पुढच्या खेपेला. खोडलेली नावं कागदाच्या मागे लिहून ठेवा, म्हणजे पुढची सहल अर्धी आखून तयार!

तिसरं काम : वेळ आणि पैसे

या भागात मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की ताशी ४० किलोमीटरच धरायचे. ट्रॅक्टर असतात, बैलगाड्या असतात, शेरडं-मेंढरं असतात. सोयाबीनच्या दिवसांत तर रस्त्याच्या कडेलाच रास पडलेली असते. मग औंढा ते वसमत या ३० किलोमीटरला किती वेळ लागेल? ४५ मिनिटं. त्यात पंधरा मिनिटं चहाची आणि लघवीची मिळवा. झाला एक तास.

आपला सगळा प्रवास साधारण १७५ किलोमीटर होतो. इकडेतिकडे वळायला २५ जादा धरा, म्हणजे २००. गाडी लिटरला १६ किलोमीटर चालत असेल तर २०० भागिले १६, म्हणजे साडेबारा लिटर इंधन. पंपावरचा आजचा भाव बघा आणि गुणा. भाड्याची गाडी असेल तर किलोमीटरचा दर आणि ड्रायव्हरकाकांचा भत्ता आधीच विचारा. त्यात मुक्काम आणि दोन वेळचं जेवण मिळवलं की आईच्या वहीत लिहायला आकडा तयार. मोठी माणसं "बघू" म्हणतात, कारण त्यांच्यापुढे आकडा नसतो. तुम्ही आकडा ठेवून बघा, उत्तर बदलतं की नाही!

जायचं केव्हा? मे महिन्यात नको, मराठवाड्याचं ऊन फार कडक. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते, पाऊस चांगला झाला असेल तर धरणं भरलेली असतात आणि हळद शेतात उभी असते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला औंढ्याला प्रचंड गर्दी होते. आजी बरोबर असेल तर ते दिवस टाळा.

पहिला दिवस : नर्सी आणि औंढा

सकाळी आठला हिंगोली सोडायची. अर्ध्या तासात कयाधूच्या काठावरचं नर्सी. हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. त्यांचा जन्म १२७० सालचा सांगतात. घरात शिंप्याचा व्यवसाय. पुढे ते पंढरपूरला राहिले, ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रेला गेले आणि नंतर कीर्तन करत करत थेट पंजाबात पोचले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. म्हणून नर्सीला पंजाबातूनही भाविक येतात. पंजाबात घुमान या गावी नामदेवांचं मोठं स्थान आहे. २०१५ साली ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मुद्दाम तिथं भरवलं होतं.

जरा विचार करा. रेल्वे नाही, मोटार नाही, नकाशा नाही. या नदीकाठच्या गावात जन्मलेला माणूस पायी पंजाबात जातो आणि तिथली माणसं सातशे वर्षांनंतरही त्याची पदं रोज गातात! काठावर बसून मुलांनी एवढं एक गणित करायचं : दिवसाला २० किलोमीटर चाललं, तर १५०० किलोमीटरला किती दिवस लागतील?

परत हिंगोलीला येऊन दुपारपर्यंत औंढा नागनाथ गाठा. जेवा, आजीला पडू द्या, आणि ऊन उतरलं की देवळाकडे निघा. पहिल्या दिवशी देऊळ फक्त बाहेरून बघायचं. हो, फक्त बाहेरून!

औंढ्याचं नागनाथ मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांनाही तोच मान सांगतात. तो वाद आपण सोडू. आपण भिंती बघू. खालचा भाग काळ्या दगडाचा आहे. तो यादवकाळातला. त्यावर हत्ती, देवदेवता, नर्तकी, नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या. आता मान वर करा. वरचा भाग वेगळाच दिसतो, रंगानं फिका आणि घडणीनं निराळा. असं का? मूळ देवळाची मोडतोड झाली आणि वरचा भाग पुढच्या काळात पुन्हा बांधला गेला. त्या कामाशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलं जातं. मोडलेलं देऊळ टाकून न देता जुन्या पायावरच नवं शिखर उभं केलं. ही गोष्ट कुठल्याही पाटीवर न वाचता, नुसत्या दोन रंगांवरून कळते. तुमच्या वहीत या भिंतीचं चित्र काढा आणि दोन रंग जिथं मिळतात तिथं रेघ ओढा.

मग मुलांनी एक शोध घ्यायचा : नंदी कुठं आहे? शंकराच्या देवळात नंदी समोर असतो. इथं तो मागच्या बाजूला आहे. त्याची गोष्ट लोक अशी सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं आणि मागे जायला सांगितलं. ते बिचारे मागे जाऊन कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरलं आणि नामदेवांकडे तोंड करून उभं राहिलं! नंदी मात्र होता तिथंच राहिला. सकाळी आपण ज्यांच्या गावात होतो, त्यांची गोष्ट संध्याकाळी इथं भेटते. म्हणून आधी नर्सी आणि मग औंढा. ठिकाणांची ओळ लावताना अशी धागादोरी बघायची असते.

दुसरा दिवस : पाणी आणि हळद

पहाटे लवकर, गर्दी व्हायच्या आत, गाभाऱ्यात जा. गाभारा खाली, तळघरासारखा आहे. पायऱ्या अरुंद आहेत आणि वाकून उतरावं लागतं. आजीचे गुडघे दुखत असतील तर तिला आग्रह करू नका. एकानं तिच्याजवळ वर सभामंडपात बसावं आणि विसोबा खेचरांची गोष्ट तिच्याकडून ऐकावी. नामदेव याच देवळात आले, तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! नामदेव रागावले. म्हातारा म्हणाला, "बाबा, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव." नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथंही पिंड. ते विसोबांचे शिष्य झाले. पुढची गोष्ट आजीला ठाऊक असणारच.

औंढ्याजवळच दुधाळा नावाचं गाव आहे. तिथं आत फिरता येत नाही, काम चालू आहे, म्हणून हट्ट करू नका. पण ते काय आहे हे समजून घ्या. जगातल्या फार थोड्या ठिकाणी आहे अशी एक प्रयोगशाळा तिथं उभी राहते आहे. तिचं नाव लायगो-इंडिया. २०२३ साली केंद्र सरकारनं तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले.

आकाशात फार दूर दोन प्रचंड वस्तू एकमेकींवर आदळल्या, की अवकाशालाच लाटा येतात. तळ्यात दगड टाकल्यावर येतात ना, तशा. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा पकडली. ती निघाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी! केंद्र इंग्रजी 'एल' अक्षरासारखं असतं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे आणि आतून जाणारा लेसरचा किरण. लहर आली की नळ्यांच्या लांबीत फरक पडतो. किती? अणूच्या आत प्रोटॉन असतो, त्याच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! एवढंसं मोजायचं तर आसपास गोंगाट नको. आगगाड्या, कारखाने, मोठी रहदारी, सगळ्यानं जमीन थरथरते.

म्हणून शास्त्रज्ञांनी देशभर जागा शोधल्या आणि शेवटी आपला हा मुलूख निवडला. कधीतरी इथलीही जमीन हलते. २१ मार्च २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. पण रोजची शांतता त्यांना इथं मिळाली. आपण म्हणतो, "इथं काही नाही." आणि नेमकं तेच, म्हणजे ना गर्दी ना गोंगाट, शोधत मोठमोठे शास्त्रज्ञ इथं आले! आता "इथं काय आहे?" असं कुणी विचारलं, तर हे उत्तर तोंडपाठ ठेवा.

साडेआठच्या सुमारास सिद्धेश्वरकडे निघा. पूर्णा नदीवर एकापाठोपाठ दोन धरणं आहेत. वरचं येलदरी परभणी जिल्ह्यात, तिथं वीज तयार होते. खालचं सिद्धेश्वर, तिथून पाणी कालव्यात जातं. धरणावर गेल्यावर पाण्याच्या कडेला उतरायचं नाही, सेल्फीसाठी कठड्यावर चढायचं नाही. कालवा कुठल्या दिशेला जातो तेवढं बघा, कारण आपल्यालाही तिकडेच जायचं आहे.

औंढ्यावरून वसमतच्या रस्त्याला लागलं की वाटेत शिरडशहापूर येतं. तिथं भगवान मल्लिनाथांचं जुनं दिगंबर जैन मंदिर आहे. शांतपणे आत जाऊन या आणि पुढे निघा. आता बाहेर बघा. रान बदललं की नाही? ऊस, केळी आणि रुंद पानांची हळद. सकाळी पाहिलेल्या धरणांचं पाणी या भागात खेळतं!

वसमतच्या परिसरात रस्त्याकडेला एखादं हळदीचं शेत दिसलं तर थांबा. मालकाला विचारूनच बांधावर जा. जूनच्या सुमारास लावलेली हळद निघायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे दिवाळीत तुम्हाला फक्त पानं दिसतील, पिवळं काहीच नाही! पिवळं सगळं जमिनीखाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती खणतात, शिजवतात, कित्येक दिवस उन्हात वाळवतात आणि ढोलात घोळून पॉलिश करतात. त्या दिवसांत या भागात सगळीकडे हळदीचा वास दरवळतो. हिंगोली आणि वसमतचे हळदीचे बाजार मोठे आहेत. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'वसमत हळद' हे नाव आता दुसरीकडच्या हळदीला लावता येत नाही. आईच्या मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद किती लांबून आली, हे शेतकरीदादांकडून ऐका. ते सांगतात, फक्त विचारायला हवं.

साडेतीनला वसमत सोडा. औंढ्यावरून हिंगोली साधारण ५५ किलोमीटर. अंधार पडायच्या आत घरी.

गाडीतली कामं

एक जण नकाशावाला. एक जण खजिनदार, तो प्रत्येक रुपया लिहील. एक जण पाणीवाला. एक जण लेखनिक. ड्रायव्हिंग करणाऱ्याला मोबाइल द्यायचा नाही, आणि सगळ्यांनी सीटबेल्ट लावायचा, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा. ज्याला गाडी लागते त्यानं खिडकीशी बसावं, जवळ आवळासुपारी ठेवावी. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घ्या. धपाटे दुसऱ्या दिवशीही छान लागतात.

दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर तुम्हाला आणखी काही दिसेल. ट्रक किंवा ट्रॅक्टर, त्यात भांडीकुंडी, गाठोडी, कोंबड्या आणि वर बसलेली मुलं. ही ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. माझ्या वर्गातलीही काही मुलं अशीच जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मला कित्येक महिने रिकामी घरं दिसतात. वर्गात सगळ्यात जास्त किलोमीटर त्यांनीच कापलेले असतात, पण सहल म्हणून एकही नाही. त्यांच्याकडे बघून हात हलवा. ती परत आली की त्यांना विचारा, "तुम्ही काय काय पाहिलंत?" त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

आणि गाडी नसेल तर?

तर लाल परी आहे ना! हिंगोली, औंढा, वसमत या मार्गावर एसटी धावते. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तिकीटच नाही. फक्त तुमच्या आखणीत बसची वाट बघण्याचा वेळ धरा आणि दिवसाला दोनाऐवजी एकच ठिकाण ठेवा.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी कागद पुढे ठेवला तर त्यातल्या चुका लगेच काढू नका. अंतर कमी धरलं असेल, वेळ चुकला असेल, तर चुकू द्या. दुपारी तीनच्या ऐवजी पाचला पोचल्यावर मूल स्वतःच म्हणतं, "पुढच्या वेळी तासाला चाळीसच धरायचे!" ते गणित मग कायमचं लक्षात राहतं.

चला तर मुलांनो, दोरा, पट्टी आणि पेन्सिल काढा. दहा नावं लिहा, सहा खोडा. उरलेल्या चारांचा कागद आज रात्री जेवताना आई-बाबांपुढे ठेवा. आणि हो, तळाशी खर्चाचा आकडा लिहायला विसरू नका!